फीचा हिशेब कोणाच्या नावावर?

दरवर्षी जून-जुलै महिना आला, प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की एक प्रश्न ठरल्याप्रमाणे डोके वर काढतो. "यांच्या मुलांची फी आमच्या करातून का भरायची? शिष्यवृत्ती यांना, वसतिगृह यांना, नोकरीही यांनाच. मग यांची स्वतःची काही जबाबदारी आहे की नाही?" दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत, रेल्वेच्या डब्यात, कचेरीतल्या चहाच्या टेबलावर हा प्रश्न आपल्या माणसाला ऐकावा लागतो. पूर्वी तो बाहेरचे विचारत असत. आता आपल्यातलेच काही शिकलेसवरलेले, याच सवलतींच्या शिडीने वर चढलेले लोकही तोच सूर आळवू लागले आहेत. "समाजाने किती दिवस सरकारच्या तोंडाकडे बघायचे?" असे ते विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता गाडीला किल्ली मारतात.

हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याची दोन उत्तरे आहेत. एक उत्तर विचारणाऱ्यांना द्यायचे आहे, दुसरे आपण आपल्यालाच द्यायचे आहे. पहिले उत्तर आपल्या चळवळीला तोंडपाठ आहे. दुसरे देताना मात्र आपली जीभ अडखळते. म्हणून दोन्ही उत्तरे एकाच लेखात मांडण्याचे आम्ही ठरवले आहे.

प्रथम 'आमच्या करातून' या शब्दांचा समाचार घेऊ. कर म्हणजे केवळ आयकर, असा एक गोड समज पांढरपेशा वर्गाने करून घेतलेला आहे. पहाटे रस्ता झाडणारी बाई साबण विकत घेते, चप्पल घेते, मोबाईलचे रिचार्ज मारते, तेव्हा ती कर भरते. तिच्या पगाराच्या मानाने तो कर साहेबांपेक्षा जास्तच असतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा नेमके हेच दाखवून दिले होते. सरकारचा महसूल उभा राहतो शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर, हा अन्याय त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडला. म्हणजे कोण कोणाची फी भरत होते, हा हिशेब १४० वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे. तो पुसून टाकून नवा हिशेब मांडणाऱ्यांना आपण जुनी वही दाखवली पाहिजे.

दुसरे असे की सरकारी मदत फक्त आपल्यालाच मिळते काय? सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच सांगितला. आणि आपल्या मुलांचे काय? डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटी, बाकीचा राज्यांचा. हा आकडा एका वर्षाचा नव्हे, पाच वर्षांचा आणि सुमारे ४ कोटी विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे कंपन्यांना एका वर्षात सोडलेली अंदाजित रक्कम आपल्या मुलांच्या पाच वर्षांच्या केंद्रीय वाट्याच्या चौपटीहून अधिक आहे. कंपन्यांना मिळाले की त्याला 'प्रोत्साहन' म्हणायचे आणि मजुराच्या मुलीला मिळाले की 'फुकट' म्हणायचे, ही भाषा आपण का मान्य करावी?

आता जबाबदारीचा मुद्दा. मदत आणि जबाबदारी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, असे जे समजतात त्यांनी बाबासाहेबांच्या चरित्राची पाने पुन्हा उलटावीत. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती शिष्यवृत्ती दान म्हणून मिळालेली नव्हती. ४ जून १९१३ रोजी करार झाला आणि शिक्षणानंतर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचे बाबासाहेबांनी मान्य केले. राज्याने पैसा दिला, विद्यार्थ्याने शब्द दिला. १९१७ साली ते परतले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर झाले.

पुढे काय झाले ते प्रत्येक भीमसैनिकाला माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई फाइली लांबून फेकत. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमातून त्यांना हुसकावून लावले गेले. राज्याने शिकवले, राज्याने नोकरी दिली, माणसाने आपली जबाबदारी पार पाडली. तरीही ती नोकरी टिकली नाही. कारण मधे जात उभी होती. व्यक्तीने मेहनत केली की सगळे सुरळीत होते, असे सांगणाऱ्यांना बडोद्याचा हा एकच प्रसंग पुरेसा आहे.

पण बाबासाहेब तेथे हात टेकून बसले नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून काटकसरीने पैसा साठवला, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० साली लंडनला जाऊन अपुरे शिक्षण पुरे केले. घरी माता रमाई काय सोसत होत्या, ते वेगळे सांगायला नको. स्वतःची बचत, राजाची मदत, मित्राचे कर्ज आणि पत्नीचा त्याग, या चारही गोष्टी त्या पदव्यांमागे उभ्या आहेत. यातली एक जरी कमी पडती तर काय झाले असते?

आणि स्वतः सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर बाबासाहेबांनी काय केले? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, "मी कष्टाने शिकलो, तुम्हीही शिका," असे त्यांनी समाजातल्या मुलांना ऐकवले नाही. १९४२ साली त्यांनी सरकारला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा हा आग्रह धरला. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, ती हीच. पुढच्याच वर्षी, १९४५ साली, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले. सरकारकडून हक्काचे घ्यायचे आणि आपल्या बळावर संस्था उभी करायची, ही दोन्ही कामे त्यांनी लागोपाठच्या वर्षांत केली. त्यातले एक निवडून दुसरे सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संविधानाची भाषाही स्पष्ट आहे. अनुच्छेद ४६ म्हणतो की दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धन राज्याने विशेष काळजीने करावे. अनुच्छेद ४१ मध्ये काम आणि शिक्षणाच्या हक्काची तरतूद आहे. ही दोन्ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांत मोडतात, त्यामुळे थेट न्यायालयात जाऊन ती अमलात आणून घेता येत नाहीत. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हणत मद्रासमधील राखीव जागांचा आदेश रद्द केला. पण त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. त्या दिवसापासून शिक्षणातल्या विशेष तरतुदीला घटनेचा पाया मिळाला. तेव्हा शिष्यवृत्ती ही कोणा मंत्र्याची मेहेरबानी नाही, हे आपल्या मुलांना ठणकावून सांगितले पाहिजे.

इथवर पहिले उत्तर झाले. पण कागदावरचा हक्क मुलाच्या हातात पडतो का? खरी मेख येथे आहे.

२०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वसतिगृहात राहून वैद्यकीय-अभियांत्रिकीसारखे पदवी अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलाला निर्वाह भत्ता ठरला वर्षाला १३,५०० रुपये. म्हणजे महिना ११२५. अकरावी-बारावीच्या गटातील वसतिगृहातल्या मुलाला वर्षाला ४,००० रुपये. म्हणजे महिना ३३३. एवढ्यात महिनाभराची खानावळ तर सोडाच, आठवड्याचे दोन वेळचे जेवण तरी होते का, ते पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला विचारा. त्यातही पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा ठेवली अडीच लाख. उलट २०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिले, तेव्हा दुर्बलतेची मर्यादा ठरली ८ लाख. आपल्या राज्यातही २०२४ साली मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करताना ८ लाखांचीच मर्यादा धरली. मुलींची फी माफ झाली याचे आम्ही स्वागतच करतो. आमचा प्रश्न एवढाच की ८ लाखवाला गरीब आणि अडीच लाखांच्या वर एक रुपया कमावणारा बौद्ध गिरणी कामगार, कंत्राटी कामगार मात्र श्रीमंत, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वरच्यांना फ्रीशिप आहे, हे खरे. पण फ्रीशिपने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भागते, पोट भागत नाही.

रक्कम अपुरी, हे एक दुखणे. दुसरे आणि त्याहून मोठे दुखणे म्हणजे उशीर. फी जुलैमध्ये मागितली जाते आणि शिष्यवृत्ती कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, महाविद्यालयाने तो पुढे पाठवायचा, समाजकल्याण खात्याने तपासायचा, मग राज्याचा ४० टक्के वाटा, मग केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यावर. यात एक कडी निखळली की मूल वर्षभर लटकते. पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न मागता प्रवेश द्यावा, त्यासाठी फ्रीशिप कार्ड द्यावे, असे सूचनांत आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारी मुले वेगळेच सांगतात. फी भरली नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडवलेला असतो, कोणाची गुणपत्रिका अडकवलेली असते. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचना काढून बजावले आहे. पण अधिसूचना दाखवायची कोणी? अठरा वर्षांचा मुलगा प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभा असतो आणि बाप बाहेर बाकावर बसलेला असतो.

उशिराची किंमत काय असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत वाचायला मिळते. २०२१ साली आपल्या मुंबईच्या आयआयटीत अनुसूचित जातीच्या एका मुलाला जागा मिळाली होती. कार्डाच्या अडचणीमुळे ठरलेल्या मुदतीत फी भरली गेली नाही आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने त्याला जागा द्यायला लावली. २०२४ साली तीच गोष्ट पुन्हा घडली. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. २४ जून रोजी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी धडपडून पैसे उभे केले, पण ऑनलाइन भरणा होण्याआधी पोर्टल बंद झाले. पोराने अनुसूचित जाती आयोग गाठला, दोन उच्च न्यायालये गाठली आणि अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालचा आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितले.

आता आम्ही विचारतो, या मुलांनी वैयक्तिक जबाबदारीत कोठे कसूर केली? अभ्यास केला, देशातली सर्वांत अवघड परीक्षा पास केली, मुदतीपर्यंत धडपड केली. कमी पडले ते १७,५०० रुपये आणि थोडा वेळ. ज्यांना दिल्लीपर्यंत जाता आले, त्यांच्या बातम्या झाल्या. ज्यांना तालुक्याच्या कोर्टापर्यंतही जाता आले नाही, ती मुले आज कोठे आहेत? एखादा मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहे, एखादा पार्सल पोहोचवतो आहे आणि त्याच्या पेटीत बारावीची गुणपत्रिका घडी घालून ठेवलेली आहे. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाचे नाव आपण दर १७ जानेवारीला घेतो. त्याच्या अखेरच्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता, हे विसरून चालणार नाही.

शिक्षण कसेबसे पुरे झाले तरी पुढे नोकरीचे काय? सरकारी नोकरभरती आटत चालली आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, पण कंत्राटीकरण गेले का? खासगी क्षेत्रात म्हणे गुणवत्ता पाहतात. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. सवर्ण आडनावांच्या मानाने दलित आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. पात्रता तीच, कागद तोच, फरक फक्त आडनावाचा. बडोद्यात फाइली फेकणारा शिपाई कोठे गेला, हे यावरून कळते. तो आता अर्जांची छाननी करतो.

एवढे सगळे सरकारच्या आणि समाजव्यवस्थेच्या पदरात घातल्यावर आता दुसऱ्या उत्तराकडे वळतो. ते आपल्याला कडू लागेल.

आपल्या वस्तीत १४ एप्रिलला डीजेसाठी, कमानीसाठी किती वर्गणी जमते? आणि त्याच वस्तीत जुलैमध्ये एखाद्या मुलीला प्रवेशासाठी १५ हजार कमी पडतात तेव्हा किती जमते? बाबासाहेबांची जयंती थाटात व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण ज्यांनी स्वतः उसने पैसे घेऊन शिक्षण पुरे केले, त्यांच्या नावाने आपण भिंती हादरवतो आणि त्याच भिंतीमागे एक मूल फीअभावी घरी बसते, याला जयंती म्हणायचे काय? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. महिना ४० हजार पगार असणाऱ्याचा विसावा हिस्सा होतो २,००० रुपये. आपल्या प्रत्येक शहरात असे किती नोकरदार आहेत आणि त्यांतले किती जण हा हिस्सा देतात, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. शिकलेल्यांविषयीची आपली व्यथा बाबासाहेबांनी १९५६ सालीच आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती. ती आजही आपल्याला लागू पडते, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. म्हणून एक साधी योजना मांडतो. प्रत्येक बुद्धविहारात एक 'प्रवेश निधी' उभा करावा. त्याचे काम एकच असावे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाची प्रवेशाच्या आठवड्यात अडलेली रक्कम भरायची आणि शिष्यवृत्ती आली की त्याने ती परत करायची. ५० घरांनी महिना १०० रुपये दिले तर वर्षाला ६० हजार होतात. धनबादच्या त्या मुलासारख्या तीन मुलांच्या जागा त्यात वाचतात. त्यात १० नोकरदारांनी आपला विसावा हिस्सा, महिना २,००० रुपये घातला तर आणखी २ लाख ४० हजार. पैसा परत फिरत राहिला तर दरवर्षी नव्या मुलांना तोच पुरतो.

वकील या नात्याने चार सूचना करतो. निधी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावाने बँकेत ठेवा, कोणाच्या खिशात किंवा कपाटात नको. व्याज एक पैसाही घेऊ नका. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. समितीत निम्म्या महिला असू द्या. बचत गट चालवणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हिशेब कसा ठेवायचा, हे कोणी शिकवायला नको.

याच निधीच्या टेबलावर मे महिन्यात कागदपत्रांचे शिबिर भरवा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, हे सगळे निकालाआधी तयार पाहिजे. जात पडताळणीसाठी बारावीनंतर धावणारा मुलगा आधीच मागे पडलेला असतो. वसतिगृहात नंबर लागला नाही तर राज्याची स्वाधार योजना आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे? मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्याला तीत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. माहिती नसल्यामुळे गेलेल्या पैशाचा दोष सरकारला देता येत नाही. तो आपल्या कार्यकर्त्यांचा दोष आहे.

यावर एक आक्षेप येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. "समाजच पैसे भरू लागला तर सरकार अंग काढून घेईल." आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर निधीच्या वहीतच आहे. त्या वहीत प्रत्येक नावापुढे चार तारखा लिहा: अर्ज केल्याची, फी मागितल्याची, निधीने पैसे भरल्याची आणि शिष्यवृत्ती खात्यावर आल्याची. शेवटच्या दोन तारखांमधले अंतर म्हणजे सरकारने बुडवलेले आपले दिवस. वर्षअखेरीला हा तक्ता समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना द्या, आमदारांना द्या, माहितीच्या अधिकारात उशिराचे कारण विचारा. २० विहारांचे असे तक्ते एकत्र आले तर ते निवेदन राहणार नाही, पुरावा होईल. आम्ही वकील मंडळी त्या पुराव्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका करू शकतो. आजवर आपण घोषणा घेऊन न्यायालयात गेलो. आता तारखा घेऊन जाऊ.

हा पुरावा किती गरजेचा आहे, ते २०२५ च्या मे महिन्यात दिसले. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना मदत मिळू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला पैसा दुसरीकडे नेण्याचा अधिकार कोणाला? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली हा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवावा आणि त्याच समाजावर खर्च व्हावा म्हणून कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होत आहे. ती मागणी लावून धरायची तर आपल्या हातात प्रत्येक थकलेल्या मुलाची नोंद पाहिजे.

तेव्हा जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. फी देणे ही सरकारची जबाबदारी आहे, कारण तो संविधानाने मान्य केलेला आपला हक्क आहे. ती वेळेवर मिळेपर्यंत मुलाची जागा वाचवणे ही समाजाची जबाबदारी आहे, कारण मूल आपले आहे. मन लावून शिकणे आणि कमावते झाल्यावर निधीत आपला हिस्सा घालणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे, कारण त्याच्या मागे रांगेत दुसरे मूल उभे आहे. या तिघांपैकी एकाने हात काढला तर जागा जाते.

पुढच्या पौर्णिमेला आपल्या विहारात हा विषय काढा. वही घाला, पहिल्या पानावर पहिल्या ५० घरांची नावे लिहा आणि सुरुवात आपल्या स्वतःच्या नावापासून करा.

जय भीम!